काळजी करणे आणि काळजी घेणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “मावशी, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे.” मी म्हटले, “अहो बाई, मी काही व्याख्याती नव्हे. शिवणवर्गात मुलींना काजे आणि हातशिलाई शिकवणारी मी. सभेत काय बोलणार?” त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही इतक्या शांत कशा राहता, तेवढेच सांगा.” हे ऐकून मला हसू आले. माझ्या वयाच्या ज्या दोन-तीन जुन्या शेजारणी येथे बसल्या आहेत त्यांनाही आता हसू येत असेल, कारण त्यांनी मला तिशीत पाहिले आहे. त्या वेळी आमच्या आळीत मला सगळ्या ‘घाबरटबाई’ म्हणत. ते नाव मी प्रामाणिकपणे कमावलेले होते.

तेव्हा शांत स्वभावाच्या बाईने उपदेश केला असे कोणी समजू नये. आज माझे वय सत्तरीला आले. या सत्तरांतली निदान तीस वर्षे मी काळजीत घालवली. त्यातून जे थोडे शिकले, ते माझ्या मुलीबाळींसारख्या असणाऱ्या तुम्हांपुढे ठेवते.

मी ख्रिस्ती आहे हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. नाताळात माझ्या घरच्या करंज्या तुमच्याकडे येतात आणि दिवाळीत तुमचा फराळ माझ्या टेबलावर असतो. आपल्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्यामुळे ख्रिस्ती शेजार हा येथल्या लोकांना काही नवा नाही. मी बोलेन ते माझ्या प्रभूविषयी बोलेन, कारण मला समाधान त्याच्याजवळ मिळाले. दुसऱ्याच्या घरचे उसने आणून सांगितले तर ते खोटे होईल. तुमच्या देव्हाऱ्यापुढे बसून तुम्हांला त्यातले जेवढे घेता येईल तेवढे घ्या.

आपल्यात म्हण आहे, ‘मन चिंती ते वैरी न चिंती.’ ही म्हण ज्या कोणी पहिल्याने म्हटली ती माझ्यासारखीच रात्री जागणारी बाई असावी, असे मला नेहमी वाटते. शत्रूला आपले वाईट चिंतायला निदान वेळ काढावा लागतो. आपल्या मनाला तेही लागत नाही. भांडी घासताना, पोळी लाटताना, अंथरुणावर पाठ टेकताच ते आपले काम सुरू करते.

माझे यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि आपले नगर यांच्यादरम्यान धावली आणि यांचा जन्मही त्याच सालचा. “एस.टी. आणि मी जुळी भावंडे,” असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. आमचे लग्न १९७६ साली झाले. त्यानंतर काही वर्षांनी यांना कल्याणची मुक्कामी गाडी मिळाली. दुपारी नगरहून निघायचे, माळशेज घाट उतरून रात्री कल्याणला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. उन्हाळ्या-हिवाळ्यात ठीक असे. परंतु पावसाळा लागला की माझा जीव घाटात अडके. माळशेजचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दहा पावलांवरचे दिसू नये असे धुके, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि वरून दरडी.

यांची ड्यूटी असली की मी रात्री झोपत नसे. झोपत नसे म्हणजे काय करीत असे? आज विचार केला की वाटते, मी एक मोठा कारखाना चालवीत असे. प्रथम गाडी घसरे. मग डेपोतून माणूस येई. मग मी पोरांना घेऊन कल्याणला जाई. मग लोक भेटायला येत. मग पेन्शनचे कागद, मुलांच्या शाळेची फी, घराचे भाडे! पहाटेपर्यंत मी विधवा होऊन दोन मुले वाढवून त्यांची लग्नेसुद्धा करून मोकळी झालेली असे. आणि दुसऱ्या दिवशी हे सायकलवरून शीळ घालीत घरी येत आणि विचारीत, “काय गं, भाकरी झाली का?”

१९८४ च्या जुलै महिन्यातली एक रात्र मी जन्मभर विसरणार नाही. त्या दिवशी हे कल्याणहून निघून संध्याकाळी यायचे होते. सात वाजले, आठ वाजले, दहा वाजले. पाऊस थांबायला तयार नव्हता. तेव्हा मोबाइल कोठला? आळीत एका दुकानात फोन होता, तोही बंद झालेला. शेजारच्या काकूंचा मुलगा सायकलवर डेपोत जाऊन आला आणि म्हणाला, “घाटात दरड कोसळली आहे, गाडीचा पत्ता नाही.” झाले! मी दाराच्या उंबऱ्यावर बसले ती बसलेच. सासूबाई म्हणाल्या, “पोरी, दोन घास खा.” मी खाल्ले नाही. काकू आल्या आणि दोन्ही मुलांना जेवायला घेऊन गेल्या. त्यांना त्यांनीच परत आणून झोपवले. मला ते दिसले की नाही, हेही आठवत नाही. माझे सगळे लक्ष रस्त्याच्या वळणाकडे होते.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी आत गेले. माझी चार वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ सुकलेले. सासूबाईंनी मिठाच्या पाण्याच्या घड्या सुरू केल्या होत्या. त्या मला एवढेच म्हणाल्या, “सांजच्यापास्नं अंग कोमट हाय पोरीचं. मला वाटलं तुला ठावं आसंल.”

भगिनींनो, मला ठाऊक नव्हते. माझी मुलगी माझ्या पाठीमागे दहा हातांवर तापाने तळमळत होती आणि मी शंभर मैलांवरच्या घाटात माझ्या मनाने फिरत होते. ज्या माणसासाठी मी काहीच करू शकत नव्हते त्याची काळजी मी रात्रभर करीत होते. जिच्यासाठी करण्यासारखे सगळे माझ्या हातात होते, तिची काळजी मी घेत नव्हते. आपल्या मराठीत शब्द एकच आहे, ‘काळजी’. परंतु काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे, हे त्या रात्री मला ओल्या घडीचे फडके हातात धरून कळले.

पहाटे मुलीचा ताप उतरला. सकाळी डॉक्टरांनी औषध दिले. दुपारी बारा वाजता हे आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. मी रडत विचारले, “रात्रभर कोठे होता हो?” ते सहज म्हणाले, “घाटाच्या पायथ्याशी. रस्ता बंद होता. गाडी बाजूला लावली, उतारूंना चहा मिळवून दिला आणि सीटवर आडवा झालो. छान झोप लागली.” छान झोप! मला राग यावा की हसू यावे ते समजेना.

त्या संध्याकाळी ते मला एक गोष्ट बोलले. ते काही बायबल फार वाचणारे नव्हते, पण बोलले ते माझ्या मनात एखाद्या वचनासारखे राहिले आहे. ते म्हणाले, “अगं, घाट उतरताना माझ्या मागच्या सीटवर काही उतारू असे बसतात की, मी ब्रेक दाबला की तेही पाय दाबतात. त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो. कल्याण येईपर्यंत बिचाऱ्यांच्या पोटऱ्या दुखतात, आणि गाडी तर माझ्याच ब्रेकने थांबते. तू तशीच आहेस.”

आता सासूबाईंविषयी सांगते. त्या राहुरीकडच्या. अक्षरओळख नव्हती, पण रेव्हरंड टिळकांची भजने त्यांना ऐकून ऐकून पाठ झालेली. आपल्यापैकी पुष्कळजणी पूर्वी लक्षात ठेवण्यासाठी पदराला गाठ मारीत, तशी त्यांनाही सवय होती. दळण आणायचे, एक गाठ. मुलाच्या वहीला पैसे हवेत, दुसरी गाठ. जावेचे दुखणे, तिसरी गाठ. त्या ताप उतरल्याच्या रात्री मी पाहिले, त्या अंथरुणावर बसून एकेक गाठ सोडीत होत्या आणि पुटपुटत होत्या. मी विचारले, “काय करता?” त्या म्हणाल्या, “परभूला देते. ही रातची त्याची. गाठी तशाच ठिवल्या तर झोपताना टोचत्यात.” मी म्हटले, “आणि सकाळी?” त्या म्हणाल्या, “सकाळी जेवढं माझ्या हातचं काम, तेवढीच गाठ पुन्यांदा मारायची. बाकीच्या त्याच्याच कडं राहू द्यायच्या. त्याला कुठं झोप येती?”

मी शाळेत शिकलेली, रविवारच्या शाळेत बक्षिसे मिळवलेली. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपला सगळा भार देवावर टाकायला सांगितले आहे, कारण आपली काळजी घेणारा तो आहे. हे मला तोंडपाठ होते. पण टाकायचे म्हणजे हाताने काय करायचे, हे मला एका निरक्षर बाईने दाखवले. दिवसभराच्या गाठी एकेक करून, नाव घेऊन सोडायच्या. ‘देवा, सगळ्यांचे बरे कर’ असे एकदम म्हणून चालत नाही, कारण काळजी एकदम येत नाही. ती नावानिशी येते, म्हणून तिला नावानिशीच सोपवावी लागते.

आता तुम्हांला वाटेल, त्या दिवसापासून मी सुधारले. तसे झाले असते तर भाषण येथेच संपवून आपण चहा घेतला असता! खरी गोष्ट अशी की मी काही दिवस गाठी सोडल्या, मग विसरले. हे २००६ साली निवृत्त झाले. मी म्हटले, आता घाट संपला, काळजी संपली. परंतु माझ्या ध्यानात आले की काळजी ही भाडेकरूसारखी आहे. एक खोली रिकामी झाली की ती दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड करते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, त्याची मोटारसायकल आली. मुलीचे बाळंतपण आले. सगळे सुखरूप झाले तेव्हा ‘सगळे सुखरूप आहे, म्हणजे आता काहीतरी होणार’ ही काळजी आली. गॅसची तोटी बंद आहे का, दाराची कडी लागली आहे का, हे पाहायला मी रात्री चार-चार वेळा उठू लागले.

आणि मग २०११ साली, एका साध्या सकाळी, चहाचा कप हातात असताना यांना छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात हे गेले. ना पाऊस, ना घाट, ना धुके. स्वतःच्या घरात, माझ्यासमोर खुर्चीवर. त्या अपघाताची काळजी मी वीस वर्षे वाहिली, तो कधी झालाच नाही. जे झाले त्याची काळजी मला एक दिवसही शिवली नव्हती. माझ्या सगळ्या जागरणाने यांच्या आयुष्यात एक घटका वाढली नाही. उलट जी माझ्या हातात होती तीच मी कमी केली. ड्यूटी नसलेल्या कितीतरी रात्री हे घरी असत, पोरांना गोष्टी सांगत, मला म्हणत, “ये गं, बस जरा,” आणि मी दुसऱ्या दिवशीच्या पावसाचा विचार करीत बसे. त्या संध्याकाळी परत मिळत नाहीत. मला रडू आले ते अधिक करून त्यांसाठी.

यानंतरचे बोलायला थोडा संकोच वाटतो, परंतु ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून बोलते. यांच्या मागे काही महिन्यांनी मला धडधड सुरू झाली. हात थंड पडत, घाम येई, श्वास पुरत नसे आणि आता मीही जाणार असे वाटे. दोनदा रात्री मुलाला पुण्याहून धावत यावे लागले. छातीची पट्टी काढली, ती स्वच्छ आली. त्याच सुमारास एका प्रार्थनासभेत एका भगिनीने मला सांगितले, “तुमचा विश्वास कमी आहे. विश्वास असता तर भीती वाटलीच नसती.” तिचा हेतू वाईट नसेल, पण त्या बोलण्याने मला आणखी एक काळजी लागली. आधी मी मरणाला भीत होते, आता माझ्या भीतीला भिऊ लागले. देव आपल्यावर रागावला असेल, असे वाटून मी प्रार्थनाही टाळू लागले.

अशा वेळी एका वृद्ध पाळकसाहेबांनी मला एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचायला सांगितली. ती पहिल्या राजांच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलीया म्हणजे मोठा धैर्याचा पुरुष, राजाला तोंडावर सुनावणारा. तोच एके दिवशी भीतीने पळत सुटला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. आता देवाने त्याला काय म्हटले असेल? ‘तुझा विश्वास कोठे गेला?’ असे विचारले नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने येऊन त्याला उठवले, तर उशाशी ताजी भाकर आणि पाण्याचे भांडे. त्याने खाल्ले, आणि तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवले, पुन्हा खाऊ घातले, कारण पुढचा रस्ता लांबचा होता. देवाचे बोलणे त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, आणि तेही फार हळू आवाजात.

हे वाचून मी खूप रडले. मला वाटले, देव तर माझ्या सासूसारखाच निघाला! आधी घास पुढे करतो, अंगावर पांघरूण घालतो आणि मग विचारतो. घाबरलेल्या माणसाची त्याने काळजी घेतली, त्याला दोष दिला नाही.

त्याच पाळकसाहेबांनी मला डॉक्टरांकडे जायला सांगितले. ते म्हणाले, “बाई, लूक शुभवर्तमानकार स्वतः वैद्य होता. देवाने वैद्यही दिले आहेत.” डॉक्टरांनी मला समजावले की हा चिंतेचा आजार आहे, तो पुष्कळांना होतो आणि बरा होतो. मी त्यांच्या सल्ल्याने काही महिने गोळ्या घेतल्या, त्यांच्याच सल्ल्याने बंद केल्या आणि रोज सकाळी चालायला लागले. यात मला देवाचा अपमान वाटला नाही. डोळ्यांना चष्मा लागतो, तसेच हे. आपल्या मंडळातल्या कोणा मुलीला असे होत असेल तर तिने ते लपवू नये. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाची दूरध्वनी-सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे पैसे पडत नाहीत आणि आपल्या मराठीत बोलता येते. हा क्रमांक आपल्या मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावा, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे.

गोळ्यांनी धडधड थांबली, परंतु मनाला बसायला जागा हवी होती. ती मला पुन्हा त्या पदराच्या गाठींत सापडली. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात काळजीविषयी सांगितले आहे. ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. मी लहानपणापासून ते वाचीत होते आणि मनात म्हणत होते, ‘पाखरांना काय, त्यांना फी भरावी लागत नाही!’ पण आता नीट वाचले. उद्या काही त्रास होणार नाही, असे प्रभू तेथे म्हणत नाही. प्रत्येक दिवसाला त्याचा त्रास आहे, हे तो मान्यच करतो. तो एवढेच सांगतो की उद्याचे ओझे आज उचलू नका. आणि पाखरे तरी कोठे स्वस्थ बसतात? पहाटेपासून दाणे टिपीत हिंडतात. ती काळजी करीत नाहीत, पण पिलांची काळजी घेतात.

तसेच पौलाचे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की सगळे मागणे आभार मानून देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमच्या मनाचे रक्षण करील. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले आहे. त्याच्या दाराशी पहारा होता. रक्षणासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो शिपायांच्या पहाऱ्याचा आहे, असे पाळकसाहेबांनी सांगितले. तेव्हा मला आमच्या आळीतल्या गुरख्याची आठवण झाली. रात्री तो काठी आपटीत जाई. आम्ही त्याला महिन्याचे पैसे देत होतो आणि तरीही मी जागीच! पहारेकरी ठेवायचा आणि त्याच्याबरोबर आपणही रात्रभर जागायचे, तर त्याला ठेवला कशाला?

कोणी म्हणेल, देवावर टाकले म्हणजे हातपाय हलवायचे नाहीत की काय? तसे मुळीच नाही. आपल्या जवळच दौंडच्या बाजूला केडगाव आहे. तेथल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. कडेला एवढीशी मुलगी. काळजी करीत बसायला त्यांना जेवढी कारणे होती तेवढी आपल्यापैकी कोणाला नसतील. त्याच बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या, १९०० साली गुजरातेतल्या आणल्या, त्यांना जेवू घातले, शिकवले, हातांना काम दिले. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. उद्याचा भार देवाकडे होता, म्हणून आजच्या कामाला त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, असे मला वाटते.

आणि हे शिकायला केडगावलाच जायला नको. २०२१ च्या त्या भयंकर एप्रिल-मे महिन्यांत आपल्या याच मंडळाने काय केले ते आठवा. घराघरांत माणसे आजारी, दारे बंद, टीव्हीवर चिता. मी एकटी घरात बसून पुन्हा धडधडू लागले होते. तेव्हा आपल्या अध्यक्षीणबाईंनी मला वीस घरांची यादी दिली आणि म्हणाल्या, “मावशी, तुमचे वय झाले आहे, तुम्ही बाहेर पडू नका. रोज संध्याकाळी या वीस घरी फोन करा, डबा पोहोचला का विचारा.” मी फोन करू लागले. कोणी रडे, कोणी नुसते ‘हो’ म्हणे. त्या यादीतली दोन माणसे आपल्यातून गेली. त्यांच्या घरी मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण फोन चुकवला नाही. रात्री मी पदराला वीस गाठी मारी आणि एकेक नाव घेऊन सोडी. जोशीबाई, शेखभाभी, गायकवाडांची सून, सगळ्यांची नावे मी माझ्या प्रभूला सांगितली आहेत. हे त्यांना ठाऊक नाही, आज सांगते. आणि आश्चर्य असे की त्या दोन महिन्यांत मला झोप लागत होती.

आजही काळजी येत नाही असे नाही. परवाच मुलाला निरोप पाठवला. दोन खुणा आल्या, पण निळ्या काही होईनात. अर्धा तास झाला, तास झाला. माझ्या मनाने ताबडतोब घाट उतरायला सुरुवात केली! मग माझे मलाच हसू आले. पाय ब्रेकवर दाबलेला होता. मी म्हटले, ‘प्रभू, हा मुलगा तुझा, गाडी तुझी.’ आणि उठून शेजारच्या आजींना पेज नेऊन दिली. रात्री मुलाचा फोन आला. मीटिंगमध्ये होता.

शांती म्हणजे वादळ न येणे, असे मी पूर्वी समजत होते. गालील समुद्रावर शिष्यांच्या नावेत पाणी शिरत होते तेव्हा प्रभू त्याच नावेत होता, उशीवर डोके ठेवून झोपलेला. वादळ आलेच. परंतु तो नावेत होता. माझ्या नावेतही पाणी पुष्कळ आले. तो उतरून गेला नाही, एवढे मी साक्षीने सांगू शकते.

शेवटी एक लहानशी विनंती. आज घरी गेल्यावर झोपण्यापूर्वी पदराला गाठी मारून पाहा. ज्या मुली पंजाबी ड्रेस घालतात त्यांनी ओढणीला मारावी, चालेल. एकेका गाठीला एकेका काळजीचे नाव द्या आणि ज्याला तुम्ही देव म्हणता त्याच्यापुढे ती सोडा. सकाळी पाहा, त्यांतल्या किती आपल्या हातच्या आहेत. तेवढ्याच पुन्हा मारा आणि कामाला लागा. आणि घरात एकदा मागे वळून पाहा, कोणाचे अंग कोमट तर नाही ना.